ठमीचं तापमान

ऊब ही प्राणिमात्राची पहिली ओळख आणि शेवटची गरज आहे. हे वाक्य माझ्या बायकोच्या दवाखान्यात चौकट करून लावलेलं आहे. ती कुत्र्यामांजरांची डॉक्टर. चौकटीच्या बरोबर खाली एसी आहे आणि तो कायम अठरावर असतो, कारण ऑपरेशन करताना तिला घाम आलेला खपत नाही.

भूल दिलेल्या कुत्र्याला आपली ऊब राखता येत नाही. थंडी वाजली तरी ते कुडकुडत नाही, भाजलं तरी पाय मागे घेत नाही. त्याच्या वतीनं कुडकुडायला शुद्धीतली माणसं लागतात. त्या दिवशी मदतनीस बाई रजेवर होत्या, म्हणून मला उभं केलं.

“मी नेमकं काय करायचं?”

“पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, शंभरच्या खाली गेला की ओरडायचं.”

“आणि फार वर गेला तर?”

“वर जात नाही. आजवर कुणाचा गेला नाही.”

टेबलावर आमची ठमी होती. म्हातारी कुत्री, पोटाखाली मुठीएवढी गाठ. खरं तर ती आईची. आई गेल्यापासून ती बाबांच्या खोलीत असते. आई गेली तेव्हा आमच्यापैकी कुणी रडलं नाही. पाहुणे म्हणाले, धीराची माणसं आहेत. आम्हीही म्हटलं, असेल बुवा. बाबांनी मात्र आमच्याशी बोलणं हळूहळू बंद केलं. आमच्या वाट्याला “हो”, “नको” आणि “दार लाव”. बाकी सगळं ठमीला. त्यांचा गुडघा दुखतोय, त्यांना झोप लागत नाही, हे आम्हाला दाराला कान लावल्यावर कळायचं. ठमीचं काही बरंवाईट झालं असतं तर बाबा कसे आहेत हे कळायची सोयच उरली नसती.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. ठमीला आत नेताना त्यांनी आईचा तपकिरी स्वेटर माझ्या हातात दिला होता.

ठमीच्या चारी पंजांना लहान बाळाचे मोजे घातले. गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही अंगांना लावल्या. तापमानाची तार शेपटीखालून आत सरकवली. बायकोनं सुरी हातात घेतली आणि थोड्याच वेळात आकडा घसरायला लागला.

“अठ्ठ्याण्णव,” मी ओरडलो.

“एसी बंद कर.”

“पंच्याण्णव.”

“पिशव्या बदल. गरम हवेचा पंखा लाव. मोठ्यावर.”

“नव्वद!”

“आईंचा स्वेटर कुठाय? टाक वरून!”

भूल सांभाळणारा कंपाउंडर घामानं निथळत होता. “मॅडम, नाडी तर दणकून चालतेय हिची.”

“तू तुझी नळी बघ. यंत्र खोटं बोलत नाही.”

“मॅडम, मलाच गरगरतंय.”

“खाली बस आणि नळी बघ.”

ब्याऐंशीला बायकोचे हात थांबले. “ब्याऐंशीला कुत्रं जिवंत नसतं रे,” ती हळूच म्हणाली. मी आणखी एक पिशवी लावायला वाकलो, तेव्हा टॉवेलाखाली तारेचं टोक दिसलं. ते ठमीच्या आत नव्हतं. टेबलाच्या कडेला, उघड्या पत्र्यावर पडलं होतं. इतका वेळ मी मोठ्या आवाजात टेबलाचा ताप वाचत होतो.

तार जागेवर घातली. एकशे सहा.

मग सगळं उलट्या क्रमानं. स्वेटर, पिशव्या, मोजे काढले, पंखा बंद केला, एसी अठरावर आणला, पंजे ओल्या फडक्यानं पुसले. मी मन लावून आकडे वाचत राहिलो. काही वाटत नव्हतं. वाचायला जमत होतं. एकशे दोनला बायकोनं शेवटचा टाका घातला. गाठ साध्या चरबीची निघाली.

भूल उतरली, ठमीनं डोळे उघडले. बायकोनं हाक मारली, “ठमे! ए ठमी!” ठमी भिंतीकडे बघत राहिली. कानाशी टाळी वाजवली. कंपाउंडरनं स्टीलचा ट्रे जमिनीवर आपटला. मी दचकलो, ठमी नाही.

“मेंदूला लागलं,” बायको म्हणाली. “एकशे सहावर किती वेळ होती कोण जाणे. बाबांना तू सांग.”

“डॉक्टर तू आहेस.”

“वडील तुझे आहेत.”

मी बाबांना आत बोलावलं. म्हटलं, ठमी वाचली आहे, पण आमच्या हातून चूक झाली. तिचं अंग फार तापलं. आता ती हाकेला ओ देत नाही, कदाचित कधीच देणार नाही.

बाबांनी वाकून तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. ठमीनं शेपटी आपटली. मग ते आमच्याकडे वळले. कितीतरी महिन्यांनी ते माझ्याशी पूर्ण वाक्य बोलले.

“अरे, ती दोन वर्षांपासून ठार बहिरी आहे.”