उजव्या सोंडेचा

प्रणिताने कोरीवकामाच्या मशीनच्या लाल बटणावर अख्खा पंजा आपटला. फिरतं हत्यार जागच्या जागी थांबलं, घरघर विरली आणि भाड्याच्या त्या गाळ्यात एकदम शांतता पसरली. बाहेर रोह्याजवळच्या वरसेच्या रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भाड्यावरून वाद घालत होता, तेवढंच काय ते ऐकू येत होतं.

लाकडाच्या ठोकळ्यातून गणपतीचा मुखडा बाहेर आला होता. मुकुट झक्क उतरला होता. कान, कपाळ, डोळे, कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त सोंड खाली येऊन वळली होती, ती भलत्या बाजूला. तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर सोंड डावीकडे. तिने लाकडाकडे पाहिलं. लाकडात उजवीकडे.

"काय झालं गो? बंद का केलंस?" आई दाराजवळ भिजवलेले वाल सोलत बसली होती. बायजाबाई सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला आल्या होत्या, मुखडा पाहायला.

"काय नाय," प्रणिता म्हणाली. पण लेकीचा आवाज आईला ओळखता येणार नाही, असं कसं होईल! बायजाबाई वालाचं ताट बाजूला ठेवून उठल्या, आल्या, वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"उजवी सोंड? झाक बाय ते, झाक आधी!"

आणि लेकीची वाट न बघता त्यांनीच खुंटीवरची ओढणी काढून मुखड्यावर टाकली. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं सांभाळायचं, नैवेद्याची वेळ चुकवायची नाही. असा गणपती घरात आणायला पेणची माणसं काय, मुंबईची गिऱ्हाइकंसुद्धा कचरतात.

हा मुखडा प्रणिताच्या वडिलांचा, पोपट कारागिराचा. त्यांच्या हातचा मूळ नमुना पेणच्या कारखान्यात पुराचं पाणी शिरलं तेव्हा विरघळून गेला आणि पुढच्या वर्षी तेही गेले. उरलं होतं ते फक्त तिने त्याआधी हट्टाने काढून घेतलेलं मोजमाप, या संगणकात. पेणचे कारखानदार हैबतराव त्यावरून मोठा मुखडा कोरून घेणार होते आणि त्याचे साचे करणार होते. पण त्यांनी आधीच बजावलं होतं, "मशीनला तुझ्या बापाचे डोळे जमले तर बघू. नायतर नव्या पोरांचे मुखडे बाजारात ढिगानं हायत." हैबतरावांनी मान डोलावली नाही, तर वडिलांचा मुखडा पेणमधून कायमचा गेला. आणि हैबतराव आजच येणार होते.

सगळ्या घोळाचं मूळ त्या नव्या व्हर्जनमध्ये होतं. मशीनला वाट आखून देणारं जुनं सॉफ्टवेअर इमानेइतबारे चाललं होतं. पण रोज सकाळी पडद्यावर चौकट यायची : नवीन आवृत्ती घ्या, काम सोपं होईल. रोज नाही म्हणून म्हणून एके दिवशी ती कंटाळली आणि हो म्हणाली. तेव्हापासून तिच्या डोक्याला ताप. कुणीतरी रात्रीतून येऊन स्वयंपाकघर लावून जावं आणि मिठाच्या डब्यात हळद निघावी, तसं झालं होतं. बटणं जागेवर नाहीत. हत्यारांची यादी रिकामी. साध्या साध्या गोष्टीला 'तुमची खात्री आहे का?' आणि नेमकं जिथे विचारायला हवं, तिथे मुकाट. जुन्याकडे परत जावं, तर नव्यात एकदा जतन केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. तरी तिने शहाण्या बाईसारखी चाचणी घेतली होती. एक चौकोन कोरला होता, एक गोल कोरला होता. दोन्ही सुरेख उतरले. चौकोनाला कसली डावी बाजू आणि कसली उजवी!

तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बऱ्याच गाण्यांनंतर साहिल नावाचा मुलगा लाइनवर आला.

"मॅडम, रीस्टार्ट करून बघितलंत का?"

"तीनदा. अहो, पडद्यावर एक दिसतंय आणि मशीन उलटं कोरतंय."

"उलटं म्हणजे? माप चुकलंय?"

"माप बरोबर आहे. बाजू चुकलीय. आरशात बघितल्यासारखं."

"मग मॅडम, पार्ट फिरवून वापरता येणार नाही का?"

"गणपती आहे तो!"

मग साहिल हळूच म्हणाला, "अरे देवा. उजवी सोंड?"

त्या बिचाऱ्याची दया यावी असा त्याचा आवाज झाला होता, पण प्रणिताला दया करायला सवड नव्हती. मशीनच्या मांडणीत अक्षांच्या दिशा तपासा, नव्या आवृत्तीत काही सुधारणा झाल्यात, असं त्याने सांगितलं. सुधारणा हा शब्द ऐकून तिला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. तेवढ्यात मधेच हैबतरावांचा फोन आला.

"कासू गाव सोडलं बघ पोरी. झालाय ना मुखडा?"

"या काका," ती म्हणाली. झालाय असंही म्हणाली नाही, नाही असंही नाही.

ती पडद्याला डोळे लावून एकेक यादी उघडू लागली. उघड, वाच, बंद कर. चूक यादी. पुन्हा उघड. पायाने ती सारखी फरशीवर ठेका धरत होती, ते तिचं तिलाही कळत नव्हतं. मागे बायजाबाईंनी तीस वर्षं कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी केलेली; मुखड्यावर भुसा पडलेला त्यांना बघवत नव्हता. देव कडक असला म्हणून काय झालं, भुशात कसा ठेवायचा? त्यांनी ओढणीचं टोक उचललं आणि ब्रशने मुकुट झाडला, कपाळ झाडलं, डोळे झाडले.

मग ब्रशचा आवाज थांबला.

"प्रणिता, हितं ये."

"थांब आई, सापडेल आता."

"ये म्हणते ना."

आवाजात असं काहीतरी होतं की ती उठली. बायजाबाईंनी ओढणी पुरती बाजूला केली होती. डाव्या डोळ्याची पापणी किंचित जड होती, झोपेतून नुकतं उठलेल्या माणसासारखी, आणि त्या बाजूची भुवई जरा चढलेली.

"ह्ये तुझं बाबा हायत," बायजाबाई म्हणाल्या.

कारखान्याच्या खिडकीला वडिलांनी दाढीचा आरसा ठोकला होता. मुखड्याचे डोळे करताना ते माती सोडून त्या आरशातच बघत बसायचे आणि ती लहानपणी त्यांना चिडवायची, बाबा किती नटतात म्हणून. ते आरशात बघून करत होते, म्हणून त्यांची डावी पापणी मूर्तीच्या उजव्या डोळ्यावर गेली होती. पेणहून लोकांनी वर्षानुवर्षं नेला तो आरशातला पोपट कारागीर. म्हणून तर पडद्यावरचा मुखडा बघताना तिला सारखं वाटायचं, बाबांसारखं आहे, पण बाबा नाहीत. आज त्या मेल्या सॉफ्टवेअरने त्यांना उलटवून सरळ केलं होतं.

"म्या हजारो डोळे रंगवले," बायजाबाई म्हणाल्या, "आणि मला वळख पटली नाय गो." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला, पुन्हा बघता यावं म्हणून.

प्रणिता खुर्चीत येऊन बसली आणि रडत रडतच यादी उघडू लागली. तळाशी, कुणाच्या नजरेला पडू नये अशा जागी, एका अक्षाच्या नावापुढे दिशा उलटवणारी, आपोआप पडलेली एक खूण होती. तिने ती काढली. लाकडाचा तुकडा लावून चाचणी घेतली. या वेळी चौकोन नाही. तिने 'प' कोरला, आणि तो 'प'च उतरला. मग तिने नवा ठोकळा आवळला.

हैबतराव आले ते बोलतच आले. प्रणिताने त्यांना काही लपवलं नाही. काका, चूक झाली, आता सुधारलीय, संध्याकाळपर्यंत डाव्या सोंडेचा हाती देते, असं एका दमात सांगून टाकलं. हैबतरावांनी उघडा मुखडा पाहिला आणि आधी चटकन कान धरले. मग वाकले. धरलेले कान तसेच राहिले.

"पोपट," ते म्हणाले. दोघांनी उमेदवारी एकाच कारखान्यात केली होती. "आयला, ह्यो तर पोपटच."

मग ते कान सोडून प्रणिताकडे वळले.

"पोरी, हेच डोळे ठेवून सोंड तेवढी डावी, असं जमंल काय तुझ्या मशीनला? पेण दंग होईल."

जमण्यासारखं होतं. नव्या व्हर्जनमध्ये तर चुटकीसरशी. प्रणिताने आईकडे पाहिलं.

"नाय," बायजाबाई म्हणाल्या. "लोकांना रोजचाच दे. ते डोळे बी त्यांनीच केलेत. ह्यो घरी येतो माझ्यासंगती."

"वयनी, उजव्या सोंडेचा हाय," हैबतराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "एकट्या बाईला कसं जमायचं? येळच्या येळी ताट, जरा इकडचं तिकडं झालेलं खपायचं नाय."

बायजाबाई वालाचं ताट पुन्हा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एक वाल चिमटीत धरला, साल सुटून डाळिंबी ताटात पडली.

"मग लगीन झाल्यापासनं मी दुसरं काय केलंय, भावजी?"