‘तिसरी उशी’चा जादा भाग

मीरानचा घटस्फोट झाला. पण ते जाऊ द्या. तिच्या सासूने ही गोष्ट आजवर कानात शिरू दिलेली नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांचा मान राखून आपणही तो झालाच नाही असं धरून चालू.

तर मीरान सुखाने नांदत होती. दक्षिण कोरियातल्या चंगजू शहरात, अकराव्या मजल्यावर, नवरा थेसुब आणि सासूबाई यांच्यासोबत. संध्याकाळची भांडी आवरली की सासू-सुना ‘तिसरी उशी’ बघायला बसत. मालिकेतला नवरा डॉक्टर होता. त्याचा पेशंट कधी कोणाला दिसला नाही, बाहेरची बाई मात्र रोज दिसायची. सासूबाई नासपती सोलता सोलता त्याचा उद्धार करत.

“मेल्या, सोन्यासारखी बायको घरात असताना शेण खातोस? सोड गं पोरी त्याला! मी आहे तुझ्या पाठीशी!”

हे पोरीला, म्हणजे टीव्हीला. पण मीरानला वाटलं, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. थेसुबचं ऑफिसातल्या येरिमशी चाललंय हे तिला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. एका संध्याकाळी धीर करून ती म्हणाली, “आई, तुमच्या मुलानंही बाहेर एक ठेवलीय.”

“जाहिरात लागू दे,” सासूबाई म्हणाल्या.

जाहिरात लागली. सासूबाईंनी फोड तोंडात टाकली.

“पुरुषाला बाहेर सतरा कामं असतात. तू भात जरा मऊ करत जा.”

डिसेंबरात वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस आला. कोबीचे गड्डे आदल्या दिवशीच मिठात मुरत घातले होते. थेसुबने मदतीला माणूस आणलं. माणूस म्हणजे येरिम. गुलाबी रबरी हातमोजे तिने घरूनच आणले होते. बैठक मारून ती पानापानात तिखट चोळायला लागली आणि सासूबाईंचा जीव तिथेच विरघळला.

“काय हात चालतो गं पोरीचा! आमच्या सूनबाई बघा, मढ्याला अंघोळ घातल्यासारखं चोळतात.”

“शिकवलंत तर जमेल हो वहिनींना, आई,” येरिम म्हणाली. आई!

किमची तयार झाली की आतलं पिवळं कोवळं पान काढून, त्यात उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा गुंडाळून, घरातल्या मोठ्या बाईने राबणाऱ्या हाताला पहिला घास भरवायचा असतो. मीरान पहाटेपासून राबत होती. तिने तोंड उघडलं. घास तिच्या नाकासमोरून येरिमकडे गेला.

नेमकी त्याच वेळी टीव्हीवर डॉक्टरची बाई सरळ डॉक्टरच्या घरात शिरली होती आणि डॉक्टरची आई तिला सूप पाजत होती. सासूबाई खवळल्या. एका हाताने येरिमच्या तोंडात दुसरा घास कोंबत दुसरा हात त्यांनी टीव्हीवर उगारला.

“बघा बघा, निर्लज्ज घरात घुसली! आणि ही थेरडी तिला भरवतेय! डोळे फुटलेत का हिचे?”

“फुटलेत, आई,” मीरान म्हणाली.

“किती वाईट सासू!” भरल्या तोंडाने येरिम म्हणाली.

घटस्फोटाचा अर्ज गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून न्यायालयाने फेरविचाराला एकच महिना दिला. मीरानने विचार केला आणि फेर तेवढा वगळला.

वसंतात सासूबाईंचा फोन आला. “सूनबाई, रविवारी तुझ्या सासऱ्यांचं श्राद्ध आहे. मुगाची धिरडी तूच कर. येरिमची तव्याला चिकटतात.”

“आई, घटस्फोट झालाय आमचा.”

“झाला असेल. किती वाजता येतेस?”

“येते. करते धिरडी. फक्त एकदा म्हणा, माझा मुलगा चुकला.”

पलीकडे टीव्ही ऐकू येत होता. सासूबाईंनी आवाज जरा कमी केला.

“अगं, चुकला तो डॉक्टर. आमच्या थेसुबचं काय मधेच? आणि तेल घरून आण.”

मीरानने फोन ठेवला आणि वाहिनीच्या संकेतस्थळावर, प्रेक्षकांच्या फलकावर, पुढील मजकूर नोंदवला:

“महोदय, ‘तिसरी उशी’ ही मालिका गेल्या शुक्रवारी संपली, याची अर्जदारास कल्पना आहे. तथापि, एक जादा भाग मंजूर करावा. त्यात डॉक्टरच्या आईने कॅमेऱ्याकडे बघून, स्पष्ट आवाजात, ‘सूनबाई, माझा मुलगा चुकला’ एवढे एकच वाक्य म्हणावे. चंगजू येथील एक ज्येष्ठ महिला टीव्हीखेरीज कोणाचेही ऐकत नाहीत. सबब, सदर भाग रविवारी, श्राद्धाची पाने वाढण्यापूर्वी, जाहिरातीविना प्रसारित करण्याची कृपा व्हावी.”