शंभरातल्या आठ

आई पितळी पाट्यांवर आणि ढालींवर नावं कोरते. हाताने. समोरच्या दुकानातलं मशीन तेच काम चार मिनिटांत करतं, पण मशीनला गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही, म्हणून जुनी गिऱ्हाइकं आईकडेच येतात.

गेल्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायला घेतला, तो डॉक्टरीणबाईंनी अर्ध्यावर अडवला.

"आता हार्मोनच्या गोळ्या. रोज एक, पाच वर्षं."

"त्यांनी काय होतं?"

"आजार परतायची शक्यता कमी होते. तुमच्यासारख्या शंभर बायकांनी गोळ्या घेतल्या नाहीत, तर विसेक जणींचा परततो. घेतल्या तर बाराएक जणींचा."

"म्हणजे आठ जणींसाठी शंभर जणींनी गोळ्या खायच्या," आई म्हणाली. "त्या आठ कोण?"

"ते सांगता येत नाही."

"आणि त्रास?"

"सांधे धरतात. बोटांचे जास्त, सकाळी. पण सगळ्यांचे नाही."

"मग कुणाचे?"

"तेही सांगता येत नाही."

मी वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेते. एवढी कमी माहिती मी दिली असती, तर लोकांनी माझा उद्धार केला असता. आई फक्त स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. डॉक्टरीणबाईंनी विचार करायला आठ दिवस दिले.

रविवारी सगळे जमले.

"घ्यायच्याच," मामा म्हणाला. मामा निवृत्त मुख्याध्यापक आहे. तो पाणी मागतो तेव्हाही निकाल लागल्यासारखं वाटतं.

"मुळीच नाही," मावशी म्हणाली. "आमच्या ऑफिसातल्या बाईच्या जावेने एकही गोळी घेतली नाही, ठणठणीत आहे. नणंदेने सगळ्या घेतल्या, ती गेली."

"कशाने?"

"बसखाली."

"अगं, बोटांचं काय घेऊन बसलीस?" बाबा म्हणाले. "तसंही हाताच्या कामाला आता विचारतंय कोण?"

हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. बाबांच्या धीर देण्याने आमच्या घराण्यात दोन संसार मोडता मोडता वाचलेत, त्यातला एक त्यांचा.

आई उठली आणि दुकानाच्या पिशवीतून मजकुराचं पॅड घेऊन आली. कोरायच्या आधी ती मजकूर कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घेते, कारण पितळेवर खोडरबर चालत नाही. तिने एका कागदावर लिहिलं, 'हिने गोळ्या घ्याव्यात.' दुसऱ्यावर, 'घेऊ नयेत.' खाली छापलेलं होतंच: 'मजकूर तपासला. चूक निघाल्यास जबाबदारी माझी.'

"करा सह्या," ती म्हणाली. "ज्याला जो पटेल त्यावर."

मामाने कागद उचलून दोनदा वाचला आणि अक्षर सुंदर असल्याचं सांगितलं. मावशी म्हणाली, "मी आपलं सुचवलं हो." बाबा म्हणाले, "नवऱ्याची सही कशाला लागते? मी आहेच की!"

आईने माझ्याकडे बघितलं. मी चहा उतू जातोय का ते बघायला गेले. गॅसवर चहा नव्हता. तरी मी पाच मिनिटं बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले. आई कुठल्याशा कंपनीची 'उत्कृष्ट कर्मचारी' ढाल कोरत होती. 'उत्कृष्ट' संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

"चहा झाला का गं?"

मी स्टूल ओढून बसले.

"बोल ना. मामासारखं बोलू नकोस फक्त."

"घे गोळ्या," मी म्हटलं. "बोटं गेली तरी चालतील मला. तू हवीयेस."

"तुला चालतील."

"हो."

"माझं काय होईल?"

"माहीत नाही. मी माझंच बोलतेय."

आईने पितळेची भुकटी फुंकली. "बरं झालं. तुझा स्वार्थ आहे, पण खरा आहे. बाकीच्यांचा तोही नव्हता." मग म्हणाली, "घेते. पण माझं मन म्हणतंय, मी त्या आठांतली नाही. आणि बाहेर बोलू नकोस, नाहीतर सगळे श्रेय वाटून घेतील."

मी नाही बोलले. तरी वाटून घेतलं. मामा शेजारीपाजारी सांगतो, "आमच्या शब्दाला मान आहे तिच्याकडे." मावशी म्हणते, "मीच म्हटलं, डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस."

आता चौथा महिना चालू आहे. आई सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसते. दुकान नऊऐवजी साडेअकराला उघडतं. बारीक अक्षरांची कामं ती स्वतःच समोरच्या मशीनवाल्याकडे पाठवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी बदलून बघू. बदलली. या गोळीने गुडघेही धरतात.

परवा मामा आला होता. "काय, येतोय ना गुण?" त्याने विचारलं.

आई ब्लाउजचं बटण लावायच्या प्रयत्नात होती. तिसऱ्यांदा निसटलं.

"काय की," ती म्हणाली. "आला तरी कळणार नाही म्हणे."

मामाने समाधानाने मान हलवली.

मी पुढे होऊन बटण लावलं. तिने माझा हात झटकला, पण बटण लागल्यावर.