पाण्यावरचा स्टोव्ह आणि कृष्णकांतची भुवई

"जळलं! पाणी जळलं!"

सीताबर्डीच्या त्या बोळात एवढी गर्दी याआधी फक्त रॉकेलच्या दुकानापुढे जमत असे. पण ते चौऱ्याहत्तर साल होतं. दुकानात रॉकेल नव्हतं, त्यामुळे गर्दी मोकळीच होती. ती जलाग्नी महाराजांकडे आली.

महाराजांनी तांब्यातलं पाणी पितळी स्टोव्हच्या टाकीत ओतलं, झाकण फिरवलं आणि डोळे मिटले. शेजारी उभ्या शिष्याने धुपाटण्यात मूठभर लोबान टाकला. पुढच्या दोन रांगा भक्तिभावाने खोकल्या. मग महाराजांनी काडी ओढली, आणि भक्क करून पांढरीशुभ्र ज्योत उठली.

"हिमालय में तप किया, कलकत्ते में पेटंट किया!" महाराज गरजले. "भक्तहो, पृथ्वीवर पाणी, पाण्यात अग्नी, अग्नीत पेटंट! पाणी तुमचं, ज्योत आमची! शंका असेल त्याने आपल्या घरचं पाणी आणावं!"

लोकांनी आणलं. नळाचं जळलं, विहिरीचं जळलं, फुटाळा तलावाचं शेवाळासकट जळलं. एका वकिलाने सोड्याची बाटली फोडून ओतली, तर तीही जळली. त्यानंतर शंका घ्यायला नागपुरात पाणीच उरलं नाही.

लोबान टाकणाऱ्या शिष्याचं नाव कृष्णकांत. वय चोवीस, बी.एस्सी. रसायनशास्त्र, नोकरी टपाल कचेरीत आणि व्यवसाय संशोधक. हा व्यवसाय टपाल कचेरीला माहीत नव्हता, आणि संशोधनाला कृष्णकांत माहीत नव्हता.

त्याने संत्रं सोलायचं यंत्र बनवलं होतं. यंत्र उत्तम चालत असे, फक्त संत्रं आधी सोलून द्यावं लागे. त्याने पन्हळीची छत्री बनवली होती. तिच्यातून पावसाचं सगळं पाणी एका नळीत येई आणि नळी धरणाऱ्याच्या बाहीत. लोक हसले की कृष्णकांतला बरं वाटे. त्याचं तर्कशास्त्र सोपं होतं. जगातल्या सगळ्या मोठ्या संशोधकांना लोक हसले. मला लोक हसतात. तेव्हा उरलं काय, तर फक्त जगाला कळणं. हसण्यासारख्या गोष्टीलाही लोक हसतात, ही शक्यता त्याने अभ्यासक्रमाबाहेरची म्हणून सोडून दिली होती.

आणि एक दिवस महाराजांनी त्याच्या छत्रीकडे पाहून म्हटलं, "बेटा, तू आणि मी एकाच जातीचे. संशोधक!" चोवीस वर्षांत हे वाक्य त्याला कोणी म्हटलं नव्हतं. तो तिथल्या तिथे मुख्य अभियंता झाला. मुख्य अभियंत्याचं काम लोबान टाकणं. तेही त्याने अभ्यासपूर्वक केलं.

महाराजांची योजना साधी होती. ज्याला जलस्टोव्ह हवा त्याने आपला जुना पितळी स्टोव्ह चरणी ठेवायचा. 'रॉकेलाचा अहंकार' घरातून गेल्याशिवाय जलदेवता येत नाही. रविवारी सगळ्यांना जलस्टोव्ह मिळणार होते. मठाच्या खोलीत स्टोव्हचा ढीग कंबरेइतका झाला. मागच्या दारी एक टेम्पो उभा असे. तो बुटीबोरीच्या आश्रमात गाई नेण्यासाठी आहे, असं महाराज सांगत. टेम्पोत गाय कोणी पाहिली नव्हती, पण श्रद्धेने पाहिलं तर ती हंबरत असे.

त्या ढिगात रंभाबाईंचाही स्टोव्ह होता.

रंभाबाई चौकात तर्री-पोह्याची गाडी लावत. नवरा गेल्यापासून दोन पोरींची शाळा, घर, सगळं त्या एका स्टोव्हवर शिजत होतं. कृष्णकांत रोज सकाळी त्यांच्याकडेच खाई.

"मावशी, देऊन टाका," तो आठवडाभर मागे लागला होता. "मातीच्या तेलाच्या रांगेत उभं राहणं बंद. नळ सोडला की तर्री उकळली!"

"काहून गा, इतकं सोपं हाय तं सरकार काहून नाई करून राहिलं?"

"सरकारला संशोधकांची किंमत नाही, मावशी. माझ्याकडेच बघा."

"तुह्याकडं पाहूनच तं भेव वाटते."

त्याच वेळी शेजारच्या शोभाताई पोहे खात होत्या. त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्या म्हणाल्या, "कृष्णकांत, हायड्रोजन जळला की काय होतं?"

"पाणी."

"म्हणजे पाणी ही झाली राख. राखेतून पुन्हा ज्योत कशी निघते?"

"ताई, विज्ञान पुढे गेलंय."

"ते गेलं असेल. तू कुठे राहिलास ते बघ. आणि पेटंट आहे म्हणतोस ना? पेटंट घ्यायचं तर सगळी कृती उघड लिहून द्यावी लागते, कोणीही वाचावी अशी. तुझ्या महाराजांची कृती वाचलीस?"

"ती गुप्त आहे."

"मग पेटंट नाही. आणि पेटंट आहे तर गुप्त नाही. दोन्हीपैकी एक खोटं सांगायला त्यांना सांग."

कृष्णकांत दयेने हसला. मोठ्या संशोधकांनाही मास्तरणींचा त्रास झाला असणारच. रंभाबाईंनी शेवटी स्टोव्ह दिला. पण देताना म्हणाल्या, "महाराजावर नाई, तुह्या भरोशावर देऊन राहिली. रविवारी नाई भेटला तं सोमवारी माही गाडी बंद. ध्यानात ठेव."

रविवार उजाडला. महाराज आंघोळीला गेले होते. त्यांना आंघोळीला बराच वेळ लागे, कारण पाणी जळू नये म्हणून ते त्याची समजूत काढतात, असं कृष्णकांत लोकांना सांगे. मठाच्या खोलीत चमत्काराचा स्टोव्ह काजळीने काळा होऊन बसला होता.

'याला कोणी हात लावायचा नाही' असा नियम होता. पण कृष्णकांतपुढे घरचे संस्कार उभे राहिले. पूजेला बसणारं पितळ चिंच लावून घासलेलं असलं पाहिजे, आणि हा पहिला जलस्टोव्ह आज रंभाबाईंच्या हाती जायचा होता. न घासलेलं पितळ ती बाई घरात घेत नसे. कृष्णकांतने अंगणातल्या नळाशी तीन उदबत्त्या लावल्या, स्टोव्हला नमस्कार केला आणि चिंचेने घासायला घेतला. बाहेरून चकाकला. मग वाटलं, आतूनही विसळावा. भक्ती अर्धवट नको. त्याने झाकण काढून टाकी नळाखाली धरली.

स्टोव्ह फुसफुसला.

कृष्णकांतने डोळे मिटून हात जोडले. मंत्राशिवाय चमत्कार सुरू झाला होता! मग लसणाचा वास आला. दैवी वास असेल, म्हणून तो खोल श्वास घ्यायला उदबत्त्यांशेजारी वाकला.

भक्क!

डोळे उघडले तेव्हा डावी भुवई नव्हती. अर्धी मिशीही तिच्यासोबत गेली होती. उलथलेल्या टाकीतून चुन्यासारखा पांढरा चिखल वाहत होता, आणि त्यात दोन राखाडी खडे अजून बुडबुडे सोडत होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला त्याला हाच प्रश्न आला होता. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले असता काय होते? त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ॲसिटिलीन वायू तयार होतो, तो ज्वलनशील असतो, खाली चुन्याचा साका राहतो. पूर्ण गुण मिळाले होते. ही गोष्ट उत्तरपत्रिकेबाहेरही घडते, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि लसणाचा वास लपवायला इतके दिवस लोबान कोणी टाकला? मुख्य अभियंत्याने.

अख्खं नागपूर पाणी तपासत होतं. टाकीत कोणी डोकावलं नव्हतं.

"क्या किया तूने?" महाराज पंचा गुंडाळून दारात उभे होते. मग आवाज मऊ झाला. "बेटा, घबराओ मत. तेरी छत्री का पेटंट करवा देंगे. तुझं नाव जगात होईल. फक्त आजचा दिवस लोबान टाक."

कृष्णकांतने मान्य करावं की नाही, याचा विचार केला. खरंच केला. छत्रीचा प्रश्न होता. पण बाहेरून रंभाबाईंचा आवाज आला, "किसना! कुठी हायेस गा? माहा स्टोव्ह काहून टेम्पोत भरून राहिले हे लोक?"

महाराजांच्या पलंगाखाली डोकावून त्याने तसल्याच खड्यांची पिशवी ओढून काढली आणि तो अर्ध्या मिशीनिशी बाहेर आला. गर्दी माना उंचावून पाहू लागली. मग मागून कोणी म्हणालं, "अबे, याचा तं पुरा भुट्टा झाला!"

"मावशी," कृष्णकांत म्हणाला, "तुमचा स्टोव्ह टेम्पोतून घ्या. महाराज, यात पेटवा पाणी."

"हा रॉकेलचा! अहंकारी आहे!"

"मी घासला हाय त्याले," रंभाबाई म्हणाल्या, "अहंकार कुठी राह्यला असन तं दाखवा."

पाणी ओतलं. मंत्र झाला. काडी विझली. दुसरी विझली. मग कृष्णकांतने त्या पिशवीतला एक खडा पोह्याच्या ताटलीतल्या पाण्यात टाकला.

"मंत्र म्हणतो हं," तो म्हणाला, आणि खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा म्हटला. तोही चुकला. तरी काडी लावताच ज्योत उठली.

"खडे आहेत हे. वेल्डिंगवाल्याकडे मिळतात. जळतो तो यांच्यातून निघणारा वायू, पाणी नाही. खडे संपले की देव संपला." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि लोबान मी टाकत होतो. इतके दिवस. बी.एस्सी. आहे मी."

यावर लोक इतके हसले, की महाराज मागच्या दारातून गेले ते कोणाला कळलं नाही. टेम्पो मात्र स्टोव्हसकट तिथेच राहिला. लोकांनी आपापले स्टोव्ह ओळखून नेले.

सोमवारी रंभाबाईंच्या गाडीवर स्टोव्ह फर्र करत होता. त्यांनी रॉकेलच्या रांगेत कृष्णकांतला पहाटेच उभा केला होता, शिक्षा म्हणून. शोभाताई म्हणाल्या, "हा स्टोव्हही कोणाच्या तरी डोक्यातूनच निघाला रे. स्वीडनमधल्या एका कारागिराच्या. कोणी मंत्र नाही म्हटला. पंप मारतो, तो आत दाब देतो, दाबाने तेल वर चढतं, तापून वाफ होतं, वाफ जळते. सगळं उघड. तू खोलून बघ, तुला कोणी मारणार नाही."

"त्याले नका खोलू देऊ," रंभाबाई म्हणाल्या. "त्यानं संत्र्याचं काय केलं ते पाह्यलं मी."

एवढ्यात दोन बाया नारळ घेऊन आल्या आणि कृष्णकांतच्या पाया पडू लागल्या. अग्नीने ज्याची फक्त भुवई घेतली आणि प्राण राखले, तो पुरुष साधा नसणार, असं त्यांच्या वस्तीत ठरलं होतं. एकीला भुवईच्या जागेवरचा अंगारा हवा होता.

"बाई," कृष्णकांत कळवळून म्हणाला, "मी मूर्ख आहे. सिद्ध झालेला मूर्ख. सगळ्या सीताबर्डीने पाहिलंय."

"मोठी माणसं असंच म्हणतात," बाई हात जोडून म्हणाली.

मग त्याने तिला बाकावर बसवलं. पिशवीतला शेवटचा खडा काढला, तिच्याच हाताने पाण्यात टाकवला, तिलाच लसणाचा वास घ्यायला लावला आणि काडीही तिच्याच हाती दिली. ज्योत उठली. बाईने ज्योतीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"म्हंजे हे मीबी करू शकते?"

"कोणीही. म्हणूनच हा चमत्कार नाही. समोरचा म्हणेल 'पाणी तपासा', तेव्हा आपण टाकी उघडायची. तो म्हणेल 'हात लावू नका', तेव्हा तर आधी घासायलाच घ्यायची."

बाईने जरा विचार केला. मग पदर सावरला आणि नारळ परत आपल्या पिशवीत टाकला.

"मंग हा घरी नेते. चटणी होईन."

"उदबत्ती मात्र लांब ठेवा," कृष्णकांत म्हणाला, आणि रंभाबाईंनी त्याच्यापुढे पोह्यांची दुसरी प्लेट ठेवली.