मुहूर्ताआधीची हाक

सखाराम तांडेल वारल्यापासून मिऱ्या गावातल्या दोन लग्नांत वाजंत्री मुहूर्ताआधीच वाजली. दोन्ही वेळा सनई धाकू घडशाची होती, आणि दोन्ही वेळा त्याने एकच सांगितलं, "तांडेलांनी हाक दिली. आमी वाजवलं."

मंगलाष्टकं संपत आली की मांडव आणि वाजंत्री यांच्यामध्ये एक माणूस उभा राहतो. घंगाळातल्या पाण्यावर ठेवलेली भोकाची वाटी भरून बुडाली, अंतरपाट सुटला, की तो ओरडतो, "वाजवा रे!" मिऱ्यावर हे काम वर्षानुवर्षं सखारामाचं. फत्तेमारी गलबताच्या दुसऱ्या टोकाला भर वाऱ्यात पोचणारा तो आवाज. मांडवात तर पोरं दचकून रडू लागायची. त्यातून त्याची एक खोड होती. वाटी बुडायच्या आतच त्याचं तोंड उघडायचं.

"तांडेल, अवकाश आहे अजून," भटजी करवादायचे आणि मांडव हसायचा.

"वारा फिरल्यावर हाक देऊन काय उपयोग, भटजीबुवा? शीड फाटतं."

धाकूला ही खोड ठाऊक होती. हाक आली की तो सनई नुसती ओठांशी धरायचा, आणि भटजींनी मान हलवली की मगच फुंकायचा.

सखाराम गेला तो भर श्रावणात. थोरली मुलगी कमळा तेव्हा पुण्यात शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करत होती. आगबोटी बंद, घाटात दरड कोसळलेली. ती घरी पोचली ती बाराव्याला. आईने, येसूबाईने, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "शेवटी तुलाच हाका मारीत होते. शुद्ध नव्हती, पण आवाज तोच. पार बंदराच्या रस्त्यापर्यंत जात होता."

हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं कमळाला पुढे कितीदा तरी वाटलं. ती आता गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. वर्गात मुली पाढे म्हणत असताना मध्येच ती हात वर करून त्यांना गप्प करी, आणि मग काहीच ऐकू न आल्यामुळे पुन्हा म्हणायला सांगे. धाकूच्या बोलण्याचा अर्थ तिला समजत होता. कानाला सवय लागलेली असते, माणूस गेला तरी कान वाट बघतात. हे ती आईला नीट पटवून देऊ शके. स्वतःला मात्र ती एवढंच विचारी, की मग आपल्या कानांना ती सवय का नाही. सुतकी वर्षात कुणाच्या लग्नाला जायचं नव्हतं, त्यामुळे ती दोन्ही लग्नं तिने पाहिली नव्हती.

धाकट्या विमलेचं राजापूरला ठरलेलं. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तेव्हा वैशाखातली तिथी धरली, आणि वाजंत्रीचं ठरवायला सगळी ओट्यावर बसली.

"बँड आणू," आत्मारामकाका म्हणाले. "लाल डगले, पितळी कर्णे. व्याह्यांनाही तेच हवंय. आणि बाजारपेठेतल्या त्या माणसांनी दादाला कधी पाहिलं नाही. त्यांना कुणाची हाकबीक ऐकू यायची नाही."

"बँडपुढे चालणार कोण? तुम्ही, लंगडत?" विमला म्हणाली.

"तू गप गो. नवरी ना तू?"

"नवरी आहे म्हणूनच बोलते. बँड आणा नाहीतर टाळ कुटा. माझं लग्न वेळेवर लागू दे."

तिची भीती सगळ्यांना कळत होती. वाजंत्री आधी वाजलेल्या त्या दोन नवरींपैकी गोदा महिन्याभरात माहेरी परत आली होती. दुसरीचा नवरा मुंबईला गेला तो गेलाच. सगळी कमळाकडे बघू लागली. ती शिकलेली, तिचा शब्द चाले.

"धाकूदाच," कमळा म्हणाली. "आपल्या घरात भगवतीपुढची सनई वाजत आलीय. गोऱ्यांच्या कवायतीचं वाजवणं कशाला?"

काकांनी मान्य केलं, पण एका अटीवर. मध्ये ते स्वतः उभे राहणार, हातात तांबडा रुमाल. रुमाल हलल्याशिवाय फुंकर नाही. विमला म्हणाली, "ताई, तुझ्या भरवशावर हां."

दुसऱ्या दिवशी कमळा धाकूच्या घरी गेली. तो अंगणात सनईची पाती भिजवत बसला होता. तिने रुमालाचं सांगितलं.

"बरं झालं," धाकू म्हणाला. "जित्या माणसाला थांब म्हणता येतं, बाय. ह्या हाकेला कसं म्हणू?"

ती निघाली, आणि बेड्याच्या फाटकाशी जाऊन परत आली.

"धाकूदा, हाक आली तर रुमालाकडे बघू नका. ती आली हे मला कळू दे."

धाकूने पाती पाण्यातून काढून हातावर धरली. "बहिणीचं लगीन ना ता?"

"हो."

त्याने पाती पुन्हा पाण्यात सोडली. ती घरी आली आणि विमलेच्या केसांना तेल लावत बसली.

लग्न सकाळचं होतं. कमळा बायकांत न थांबता वाजंत्रीशेजारी, माडाच्या खांबाला टेकून उभी राहिली. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. घंगाळातल्या वाटीत पाणी चढत होतं. काठ अजून वर होता. समोर काका रुमाल मुठीत धरून उभे होते. अंतरपाटामागे विमलेचे हळदीचे पाय दिसत होते, बोटं आत वळवलेली. लहानपणी अंधारात जायचं असलं की ती अशीच उभी राही.

तेव्हा हाक आली.

पाठीमागून, विहिरीच्या बाजूने. स्वप्नातल्यासारखी नव्हे की आठवणीतल्यासारखी नव्हे. थोडी खरखरीत, शेवटी वर चढणारी, घाईची. "वाजवा रे!" कमळाच्या मानेवर काटा आला. मांडवात कुणी वळून पाहिलं नाही. धाकूने तेवढं पाहिलं, तिच्याकडे, आणि सनई ओठांना लावली.

तिला मागे वळायचं होतं. पण तिने हात पुढे केला, सनईच्या पितळी तोंडावर तळवा दाबला आणि सनई त्याच्या ओठांवरून खाली ओढली. एक तुटका सूर बाहेर आला, तिच्या हातात गरम फुंकर लागली, तेवढंच. धाकू वाजवत नाही म्हणून ढोलवालाही थांबला. तिने हात काढला नाही. पाठीमागे आता काहीच नव्हतं. ती त्या शांततेकडे पाठ करून घंगाळाकडे बघत राहिली.

वाटी बुडाली. अंतरपाट सुटला. काकांचा रुमाल हलला. तिने हात काढला, आणि सनई वाजली.

जेवणं झाल्यावर धाकू सनई पुसत तिच्याजवळ आला. "आयकलीस ना, बाय?"

"ऐकली."

"मग सनई धरलीस कशाला?"

कमळाने त्याच्या हातावर विडा ठेवला. पाठवणीच्या वेळी विमला नमस्काराला वाकली आणि उठताना हळूच म्हणाली, "ताई, आबांची हाक आली होती का ग?"

"नाही. वेळेवर लागलं तुझं लग्न."

विमलेने सुटकेचा श्वास टाकला, आणि मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटून ती रडू लागली.

ज्येष्ठात शेजारी एक लग्न झालं. धाकूची सनई होती. कमळा गेली नाही. ओट्यावर उभी राहून ऐकत होती. मंगलाष्टकं संपत आली. कुणाचं तरी मूल रडत होतं, माणसं अक्षता चुरत बोलत होती. मग भटजींच्या खुणेवर, बरोबर वेळेला, सनई सुरू झाली. सनईच्या आधी दुसरी कुठली हाक आली नाही.