नवं दिसतंय

माझे थोरले दीर वजनमापं खात्यात निरीक्षक होते. चाळीस वर्षं दुकानादुकानांत फिरून त्यांनी तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली आणि भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडला. निवृत्त झाल्यावर त्यांना तपासायला फक्त आमचं घर उरलं, असं मी तेव्हा ज्याला त्याला सांगत असे.

ही संधी त्यांना आम्हीच दिली होती. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. काम चांगलं, पगार वेळेवर. पण चाळिशी ओलांडताच त्याच्या डोक्यात स्वतःच्या धंद्याचं खूळ शिरलं. थोरल्यांनी निवृत्तीच्या रकमेतला मोठा हिस्सा काढून दिला आणि आम्ही तीन मोठी वॉशिंग मशीन घेऊन कपडे धुण्याचं दुकान टाकलं. बरोबर पंधरा दिवसांनी समोरच्या गाळ्यात बेकरी सुरू झाली. तिचं धुराडं आमच्या वाळत घातलेल्या चादरींच्या तोंडासमोर. लोक पांढरं देऊन जायचे आणि राखाडी घेऊन जायचे. सात महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. नवरा मान खाली घालून परत लिफ्टच्या कामावर गेला, मशीन कोणी फुकटही नेईना, आणि थोरल्यांचे पैसे आमच्या डोक्यावर राहिले.

थोरले रागावले नाहीत. रागावले असते तर मलाही चार शब्द बोलता आले असते. ते एवढंच म्हणाले की एकदम जड जाईल, दर रविवारी थोडे थोडे द्या, मी येऊन घेऊन जाईन. महिन्याच्या महिन्याला बँकेतून पाठवतो, असं नवऱ्यानं सुचवून पाहिलं. त्यावर, बँकेचं मला जमत नाही, म्हणाले. चाळीस वर्षं ज्यांचा पगार बँकेत जमा झाला, त्यांना बँकेचं जमत नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला दार वाजायचं. थोरले आत यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे. नवरा पाकीट पुढे करायचा. ते पाकीट तळहातावर क्षणभर धरून न मोजताच खिशात टाकायचे. मग त्यांची नजर घरभर फिरायची आणि एखाद्या वस्तूवर येऊन थांबायची.

पहिल्या रविवारी ती किटलीवर थांबली. जुनीचं बूड जळून गेलं होतं म्हणून मी बाजारातली सगळ्यात स्वस्त किटली आणली होती.

"नवं दिसतंय," थोरले म्हणाले.

मी जुन्या किटलीचं सगळं आजारपण त्यांना ऐकवलं. शेवटच्या दिवसांत ती कशी गळत होती तेही सांगितलं. ते मान डोलावत राहिले. पुढच्या रविवारी पायपुसणं. "नवं दिसतंय." त्याच्या पुढच्या रविवारी लेकीची कंपासपेटी. वस्तू कुठलीही असो, वाक्य तेच, आणि आवाजही सरकारी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पैसे घेतले होते, मान्य. पण म्हणून पोरीनं कंपासपेटीचा खुलासा द्यायचा का?

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करते. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, जुळवायच्या, शिवायच्या, सगळं उभ्यानं. संध्याकाळी घरी आले की पाठ म्हणजे नुसता ठणका. कारखान्याच्या वाटेवर एका फर्निचरच्या दुकानात काचेमागे एक खुर्ची ठेवलेली असायची. उंच पाठ, दोन्ही बाजूंना रुंद हात, बसायला जाड गादी. तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मनाशी ठरवलं. तीन वर्षांत थोरल्यांची पै न् पै फेडायची. मग ही खुर्ची घ्यायची आणि खोलीच्या मधोमध ठेवायची. थोरले "नवं दिसतंय" म्हणाले की त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं, "होय, नवं आहे. आमच्या पैशाचं आहे." हे वाक्य मी रोज घड्या घालताना म्हणून पाहायची. शेजारच्या टेबलावरच्या बाईला वाटायचं, मी कागद मोजतेय.

मग आम्ही पोटाला चिमटा घेतला. पडून असलेल्या मशीनमधली स्टीलची पिंपं नवऱ्यानं उपसून काढली. त्यांना जन्मजात भोकं असतात, पाणी साचत नाही. गॅलरीत तीन पिंपं मांडून त्यांत आम्ही टोमॅटो, पालक आणि बटाटे लावले. बटाटे इतके आले की लेक म्हणाली, कपड्यांपेक्षा ही मशीन बटाट्याचीच असायला हवी होती. घरात एका वेळी एकच दिवा लागायचा आणि ज्या खोलीत तो लागेल तिथे तिघांनी जायचं. नवरा सगळ्यांचे केस कापायचा. लिफ्टचा माणूस असल्यामुळे त्याला सरळ खाली येणं तेवढं जमायचं, वळणं नाही. लेकीनं वर्षभर टोपी घातली.

साबणही मी घरीच करू लागले. तेल, सोडा, पाणी, सगळं कपानं मोजून. पहिल्या खेपेला फेस येईना. दुसऱ्या खेपेच्या साबणानं फरशीचा रंग उडाला. थोरल्यांनी एका रविवारी वडी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले की हे कपानं मोजायचं काम नाही, वजनानं कर. मला ते झोंबलं. मी रागानं त्यातल्याच चार वड्या कागदात बांधून त्यांच्या हातात दिल्या, की घरी नेऊन वापरा म्हणजे कळेल. ते खरंच घेऊन गेले.

पण कितीही हात आखडता घेतला तरी काही वस्तू घ्याव्याच लागतात. मग आम्ही एक शोध लावला. वस्तू नवी घ्यायची, पण रविवारच्या आत ती जुनी करायची. नवा पडदा मी टांगण्याआधी चार वेळा धुऊन उन्हात टाकला. नवं पातेलं स्टोव्हच्या धुरावर धरून काळं केलं. लेकीच्या नव्या दप्तराला तिनं तीन मजले जिन्यावरून फरफटत आणलं, आणि हे काम तिनं फार मनापासून केलं. शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या घरी वस्तूंना म्हातारं करण्याची वेळ. थोरले विचारायचे, "नवं दिसतंय?" आणि आम्ही तिघं एका सुरात सांगायचो, "छे, जुनंच आहे."

दुसऱ्या वर्षी नवऱ्याचे कामावरचे बूट फाटले. नवे घेतले ते लखलखीत. नवऱ्यानं काचपेपर घेतला आणि तासभर बसून बूट घासले. टाचा झिजवल्या, नाकं खरवडली, वर राख चोळली. रविवारी ते दाराशी ठेवले होते. थोरल्यांनी वाकून एक बूट उचलला, बोटानं त्याची टाच चाचपली आणि जागेवर ठेवला.  त्या दिवशी चहा अर्धाच घेतला.

त्या दिवसानंतर त्यांनी "नवं दिसतंय" म्हणणं सोडून दिलं. यायचे, पाकीट घ्यायचे, खाली बघत चहा प्यायचे आणि जायचे. आम्ही म्हटलं, युक्ती लागू पडली. नवऱ्याची छाती फुगली. मला मात्र थोडी काळजी वाटली, की खुर्ची आल्यावरही हे बोलले नाहीत तर माझ्या वाक्याचं काय?

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस शेवटचं पाकीट दिलं. थोरल्यांनी ते नेहमीसारखं तळहातावर धरलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "फिटले," म्हणाले आणि उठले. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांसमोर खुर्ची आली.

पुढचे पाच पगार आम्ही बटाट्यावर काढले आणि त्या पाच महिन्यांत थोरले एकाही रविवारी आले नाहीत. नवऱ्यानं फोन केला की म्हणायचे, बरा आहे, सवडीनं येईन. मला वाटलं, वसुली संपली, आता कशाला येतील. एका शुक्रवारी मी रोख पैसे मोजून खुर्ची घेतली. दुकानदार म्हणाला की तीन वर्षं तुम्ही येताना दिसलात की मी तिच्यावरची धूळ पुसत होतो. खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली. काचपेपर लावला नाही. सवडीनं येईन म्हणाले होते, त्या आशेवर रविवारी मी साडेनऊपासून तयार होते. दहा वाजले, अकरा वाजले. दार वाजलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. खुर्ची होती, वाक्य होतं, आणि ऐकणाराच नव्हता. तीन वर्षं ज्या माणसाच्या येण्यानं माझं डोकं फिरायचं, त्याच्या न येण्यानं ते जास्त फिरलं. दुपारी मी चप्पल घातली आणि तडक त्यांच्याकडे गेले.

थोरली जाऊ गेल्यापासून ते दोन खोल्यांत एकटेच राहतात. इतक्या वर्षांत मी तिथे फार तर चारदा गेले असेन. टेबलावर त्यांचा जुना पितळी तराजू होता, घासून चकचकीत केलेला. कपबशी एक, ताट एक. हात धुवायला मोरीत गेले तर साबणाच्या बशीत माझी वडी. न फेसाळणारी, झिजून नखाएवढी पातळ झालेली. चारांतली शेवटची असावी. मला लाज वाटली.

बाहेर येऊन मी विचारलं, "भाऊजी, येत का नाही तुम्ही?"

"हप्ता संपला," ते म्हणाले. "आता काय म्हणून येऊ?"

"भावाचं घर आहे तुमच्या."

त्यांनी तराजूचं एक पारडं बोटानं दाबून सोडलं. मग म्हणाले, "त्या बुटांना काचपेपर मारला होता. वजनांचं नवं लोखंड जुनं करून दाखवणारी माणसं पकडण्यात माझा जन्म गेला. मला ते दारातूनच दिसलं. त्या दिवशी कळलं, माझ्या भावाच्या घरात मला घाबरतात."

"तुम्हीच तर दर वेळी विचारायचात, नवं दिसतंय म्हणून."

"विचारायचो. काही नवं आलं असलं की बरं वाटायचं. म्हणजे माझ्या हप्त्यानं तुमचा गळा आवळला गेला नाही अजून. तुम्ही म्हणायचात, जुनंच आहे. मग आठवडाभर मला जेवण जायचं नाही."

मला माझाच राग आला, आणि राग आला की मी समोरच्याशी भांडते. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं, असं मी त्यांना चांगलं सुनावलं.  शेवटी बोलायचं संपलं तेव्हा मी तराजूवर हात ठेवला.

"हा मला उसना हवा," मी म्हटलं. "साबणासाठी. कपानं जमत नाही, तुमचं बरोबर होतं."

"ने की."

"पण तपासायला तुम्हाला यावं लागेल. काटा किती दिवसांनी तपासतात?"

"वर्षातून एकदा," थोरले म्हणाले. वजनमापाच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नाहीत, तिथेही बोलले नाहीत.

"आमच्याकडे हवा दमट असते," मी म्हटलं. "गॅलरीत तीन पिंपं भरून ओली माती आहे."

थोरल्यांनी यावर खात्याच्या माणसासारखा पुरता विचार केला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग दर रविवारी पाहिलेला बरा," ते म्हणाले.

अशा रीतीनं तीन वर्षं पोट मारून कर्जातून सुटलेली मी स्वतःच्या पायांनी जाऊन परत उसनवारी करून आले. नवऱ्यानं तराजू बघून कपाळाला हात लावला. कारण सांगितल्यावर मात्र तो गॅलरीत जाऊन बराच वेळ टोमॅटोला पाणी घालत राहिला.

रविवारी दहाच्या ठोक्याला दार वाजलं. थोरले आले, सवयीनं स्टुलावर बसले. काटा तपासला, दोन्ही पारडी फुंकून पुसली. चहा घेतला. खोलीच्या मधोमध ती एवढी मोठी खुर्ची, तिच्यावरून त्यांची नजर गेली आणि चटकन खाली वळली. एक शब्द नाही. लेक माझ्याकडे बघत होती, नवरा छताकडे. मला राहवेना.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमचं काही म्हणायचं राहिलं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. परत माझ्याकडे. मग फार जपून, जणू काही फुटेल अशा बेतानं म्हणाले, "नवं दिसतंय."

"होय," मी म्हटलं. "नवं आहे. आमच्या पैशाचं आहे. बसा."

ते उठले, खुर्चीत बसले आणि पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले ते जेवणाची ताटं वाढेपर्यंत उघडले नाहीत. मी स्टुलावर बसून बटाटे सोलले. पाठ ठणकत होती. सोमवार ते शनिवार खुर्ची माझी असते.