तो तुकडा माझ्यावर आला तेव्हा

मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतला एक जुना मायक्रोस्कोप आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या भिंगांचं कोण कौतुक! आता फोकसचा स्क्रू ढिला झाला, नवं यंत्र आलं, आणि मी खिडकीशी धूळ खात पडलो. पण माझ्यातून दोघांना एकदम पाहता येतं, म्हणून अडीअडचणीला आठवण होते.

मित्रांनो, त्या दिवशी एकोणीस वर्षांच्या एका मुलीचं ऑपरेशन चालू होतं. तिच्या अंडाशयातल्या गाठीचा तुकडा आला. टेक्निशियन ताईंनी तो गोठवून, कापून, रंगवून माझ्यावर ठेवला. लगेच सर्जनचा फोन. "लवकर सांगा. सगळंच काढू, की एकच बाजू?"

तुकडे तपासून निदान सांगणाऱ्या डॉक्टरबाई माझ्यावर वाकल्या. त्यांची पापणी माझ्या नळीवर फडफडत होती. मोठ्या फिकट पेशी, मधूनमधून बारीक काळे ठिपके. नेहमीचा कर्करोग असा दिसत नाही. त्यात माझं चित्र सारखं घसरत होतं. भीतीने मी गारठलो. माझ्यामुळे बाई चुकल्या तर? मुलीचं गर्भाशय उगाच गेलं तर? की रोगच आत राहिला तर?

"सर, जरा येता का? धडधडतंय मला," बाईंनी शेजारच्या खोलीतल्या वयस्कर डॉक्टरांना हाक मारली.

ते समोर बसले. दुसऱ्या नळीतून काचेचा कोपरान् कोपरा पाहिला. फोन पुन्हा वाजला.

"दुर्मीळ गाठ आहे," ते म्हणाले. "तीस वर्षांत पाच-सहाच पाहिल्यात. पण ही औषधांना दाद देते. तुम्हाला काय वाटतं?"

"मलाही तेच वाटत होतं. बोलायचा धीर होत नव्हता."

बाईंनी फोन उचलला. "दुसरी बाजू आणि गर्भाशय चांगलं दिसत असेल, तर हात लावू नका."

पक्का रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते मी जीव मुठीत धरून काढले. निदान बरोबर निघालं. मग औषधांच्या फेऱ्या, उलट्या, गेलेले केस. वर्षभराने सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा मायलेकी प्रयोगशाळेत बाईंना भेटायला आल्या.

"सहा महिने पोटात दुखतंय म्हणत होती," माझ्याशेजारी उभ्या आईला रडू फुटलं. "मीच म्हणायचे, मुलींचं असतंच असं."

"आई, पुरे. यंत्र भिजेल त्यांचं," मुलगी म्हणाली.

अजूनही तो फोन वाजला की मला धडकी भरते. मित्रांनो, मला फक्त काचेवर आलेलं दिसतं. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी घरात "दुखतंय" म्हणालेलं असतं. ते ऐकायला मी तिथे नसतो. तुम्ही असता.